खाली टीप नाही

तिने तीच ओळ पुन्हा एकदा शोधाच्या चौकटीत चिकटवली, डोळे मिटून घेतले आणि बटण दाबलं. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर तोच आकडा होता. नऊशेच्याही खाली.

गेल्या वर्षी हीच ओळ, याच डेटाबेसमध्ये टाकली तेव्हा चार हजारांच्या वर निबंध निघाले होते. वर्षभर जगातले संशोधक काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. आकडा थोडा वाढला असता तर ती खूश झाली असती, फार वाढला असता तर वैतागली असती. पण तो घटावा, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. एकदा छापून आलेले निबंध परत जातील तरी कुठे?

ती नर्सिंग कॉलेजात शिकवायची आणि रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या झोपेवर प्रबंध लिहीत होती. या विषयाने परिचारिकांची झोप किती सुधारेल कोण जाणे, तिची मात्र पार उडाली होती. पण आता सगळी प्रकरणं लिहून झाली होती. छापायला देण्याआधी शोध पुन्हा चालवून बघा, नवीन काही आलं असेल तर दोन ओळी घाला, एवढंच गाईडमॅडमनी सांगितलं होतं. चहा गार व्हायच्या आत उरकेल असं काम.

चहावर साय धरली. तिने प्रबंधाच्या परिशिष्टातलं पान काढलं आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. झोप, निद्रानाश, थकवा, परिचारिका, बाई, रुग्णालय. सगळे इंग्रजी शब्द जागच्या जागी, अक्षर न् अक्षर बरोबर. कंस जेवढे उघडले होते तेवढे मिटलेही होते. चूक सापडावी म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती आणि पानात चूकच नव्हती. असणार तरी कशी? पान नानांच्या हाताखालून गेलेलं होतं.

नाना म्हणजे तिचे सासरे. सगळी नोकरी त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती, मराठी आणि इंग्रजी, दोन्ही. छापखाना बंद पडला, मग सासूबाई गेल्या, आणि नाना रेडिओ लावून खिडकीशी बसू लागले. रेडिओवर काय चाललंय असं विचारलं तर त्यांना सांगता येत नसे. तिने पहिलं प्रकरण त्यांच्यापुढे ठेवलं ते खरं सांगायचं तर जरा दया येऊनच. दुसऱ्या दिवशी नाना दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसलेले दिसले. समोर लाल पेन, भिंग आणि ओळीखाली धरायची पट्टी.

"यात लिहिलंय काय, ते मला विचारू नकोस," ते म्हणाले होते. "अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते."

तेव्हापासून पानं त्यांच्याकडे जायची, लाल होऊन यायची, आणि रविवारी तिचा नवरा त्या दुरुस्त्या इमानेइतबारे कॉम्प्युटरवर उतरवायचा. तो शिट्टी वाजवत हे काम करायचा आणि नाना त्याच्यामागे उभे राहून त्याचा जीव नकोसा करायचे. एकदा नानांनी खोडलेला शब्द त्याने चुकून तसाच ठेवला तेव्हा त्यांनी त्याची शाळाच घेतली.

"खोडलेलं ठेवायचं असलं तर मी खाली टिंबं देईन ना? टिंबं दिसतायत का तुला?"

"नाही."

"दिसणारच नाहीत. टिंबं म्हणजे राहू दे, खोडलं ते माझंच चुकलं. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यापुढे असं कबूल करायची वेळ मी कधी येऊ दिली नाही."

हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. नवरा ते नानांच्या आवाजात म्हणून दाखवायचा, आणि सासूबाई होत्या तेव्हा त्याही म्हणायच्या.

*

"कमी?" गाईडमॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हो मॅडम."

"कमी कसे होतील? वाढायला हवेत."

"तेच तर कळत नाहीये."

"ओळ तीच टाकलीत?"

"परिशिष्टातूनच उचलून टाकली. एक अक्षर बदललेलं नाही."

मॅडमनी पान हातात घेतलं, वाचलं आणि खाली ठेवलं. त्या बाई चांगल्या होत्या. विद्यार्थ्यांना ताटकळत ठेवत नसत, आणि कुणाच्या पाठीमागे कुणाबद्दल बोलत नसत. म्हणूनच पुढचं वाक्य तिच्या वर्मी लागलं.

"मग मागच्या वर्षीचा आकडा कुठून आला?"

आला म्हणजे पडद्यावरून आला. तिने डोळ्यांनी पाहिला आणि उतरवून घेतला.

"तो शोध साठवून ठेवला होतात?"

"नाही मॅडम. राहून गेलं."

"हे बघा, तुम्ही आकडा बनवलात असं मी म्हणत नाही. पण परीक्षक म्हणतील. त्या चार हजारांतून गाळून गाळून तुम्ही हे निबंध घेतलेत, त्यांच्यावर सगळा प्रबंध उभा आहे. तो आकडा पुन्हा दाखवता येत नसेल तर मी सही कशावर करू?"

मॅडमचं काहीही चुकत नव्हतं. रागवायला कुणीतरी चुकलेलं तरी असावं लागतं, तेही इथे नव्हतं. ती जिना उतरली आणि शेवटच्या पायरीवर तिला कळलं की आपली पिशवी वरच राहिली आहे. पण पुन्हा वर जायचा धीर होईना. शेवटी शिपाईच पिशवी घेऊन खाली आला.

बनवलात. हा शब्द तिच्या कानातून जाईना. ताप न मोजता तक्त्यावर आकडा भरणाऱ्या मुलींना ती वर्गाबाहेर काढायची, आणि त्यांनी कितीही रडारड केली तरी तिला पाझर फुटत नसे. आता त्या मुलींच्या जागी तिला स्वतःचाच चेहरा दिसायला लागला. आपण खरंच तो आकडा पाहिला होता का? की शून्य एक जास्त वाचलं? तेव्हा धाकट्या मुलीला गोवर होता आणि रात्री जागरणं होत होती. झोपेवर प्रबंध लिहिणाऱ्या बाईला झोपेतच आकडा दिसला असेल, तर मग बोलायलाच नको.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. ते करून झालं. मग त्याने इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. एवढं झाल्यावर त्याने हात टेकले आणि जेवताना, सांगू नको म्हटलेलं असताना, सगळं नानांपुढे ओकून टाकलं.

"सही अडलीय तिची. आकडा जुळत नाहीये म्हणे."

नाना जेवायचे थांबले. "पान शुद्ध आहे ना?"

"एकदम शुद्ध आहे, नाना," ती म्हणाली.

"मग दोष आकड्याचा," नाना म्हणाले आणि समाधानाने पुन्हा जेवू लागले.

*

ग्रंथपालाकडे जायचं ती टाळत होती. गेल्या वर्षी शोधाची ती ओळ त्यानेच शेजारी बसून तिच्याकडून बांधून घेतली होती, आणि शोध साठवून ठेवा, असं बजावलंही होतं. आता कुठल्या तोंडाने जायचं? पण मॅडमच्या टेबलावर प्रबंध पडून होता आणि दुसरं दार उरलं नव्हतं.

ग्रंथपाल हा बाराही महिने बिनबाह्यांचा स्वेटर घालणारा, हडकुळा आणि मोठ्या आवाजाचा माणूस होता. वाचनालयात शांतता राखा, ही पाटी त्याच्याच डोक्यावर लटकलेली असायची. ती गेली तेव्हा नव्या तुकडीपुढे त्याचं प्रवचन चाललं होतं. ती मागच्या खुर्चीवर बसली.

"मशीन हुशार असतं हे डोक्यातून काढून टाका," तो सांगत होता. "मशीन आज्ञाधारक असतं. तुम्ही नर्स म्हणालात तर ते नर्सच आणेल. नर्सेस दारात उभ्या असल्या, नर्सिंग खिडकीतून हाका मारत असलं, तरी ढिम्म हलणार नाही. म्हणून काय करायचं? शब्दाचं धड ठेवायचं, शेपूट कापायचं, आणि कापलं तिथे ही चांदणी ठेवायची." त्याने फळ्यावर हॉस्पिट* असं लिहिलं. "आता ते सगळ्या शेपट्या लावून बघेल. हॉस्पिटल, हॉस्पिटल्स, हॉस्पिटलात भरती झालेले, सगळे येतील."

"आणि हॉस्पिटॅलिटी?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"तेही येणार. फार आखूड कापलंत की हॉटेलवाले आत घुसतात. त्यांना नंतर हाकलता येतं. पण जो आलाच नाही, तो आला नाही हे तुम्हाला कळणार कसं?"

वर्गात हसू पिकलं. ती हसली नाही. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसावं आणि नाव आठवू नये, तसं तिचं झालं होतं.

"आणि मधलंच अक्षर बदलत असेल तर प्रश्नचिन्ह. इंग्रजीत बाई एक असो की अनेक, फरक मधल्या एका अक्षराचा. तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, एक बाई पण येईल आणि दहा पण येतील."

तिने मांडीवरचं पान उलगडलं. हॉस्पिटल. नर्स. वुमन. इन्सोम्निया. सगळे शब्द कसे नाहूनमाखून, भांग पाडून बसलेले. एकाही शब्दाचं शेपूट कापलेलं नव्हतं. पानभर चांदणी नव्हती, आणि बाईच्या मधोमध असलेलं प्रश्नचिन्ह जाऊन तिथे एक सभ्य अक्षर बसलं होतं.

वर्ग सुटल्यावर ग्रंथपालाने ते पान नाकाशी धरून पाहिलं.

"ताई, ही तर आपलीच ओळ. पण हिला कुणी आंघोळ घातली?"

त्याने खुर्ची ओढली आणि दोघांनी मिळून शब्दांच्या शेपट्या परत कापल्या, एकेक चांदणी ठेवली, बाईच्या पोटात प्रश्नचिन्ह घातलं. तिने बटण दाबलं. या वेळी डोळे मिटायचंही भान तिला नव्हतं. चार हजार, आणि वर वर्षभराचे काहीशे.

ती तोंडावर पदर धरून रडली. ग्रंथपाल घाईघाईने शेजारच्या कपाटातली पुस्तकं नीट लावायला लागला. ती नीटच होती.

रडता रडताच तिला ती संध्याकाळ आठवली. ती उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडालेली होती आणि नाना दारात येऊन उभे होते.

"सूनबाई, हे तारे दिलेत वर, त्यांच्या टिपा कुठायत? वर तारा आहे आणि खाली टीप नाही. आणि शब्द अर्धेच टाकलेत."

तिने मान वर न करताच म्हटलं होतं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, नाना."

त्यांनी योग्य वाटलं ते केलं होतं. टीप नसलेला तारा म्हणजे छापखान्यात अब्रूच जायची. आणि अर्धा शब्द दिसल्यावर तो पुरा न करता पुढे जाणारा माणूस त्या खुर्चीत कधी बसलाच नव्हता.

*

"फाइल बिघडली होती, मॅडम," तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

वाटेत तिने हे वाक्य अनेकदा म्हणून पाहिलं होतं. मॅडमनी जुनं पान आणि नवं पान शेजारी शेजारी ठेवलं.

"बिघडलेली फाइल अर्धे शब्द पुरे करते? तेही बरोबर?"

तिने जुनं पान हळूच आपल्याकडे ओढलं.

"खुणा घातल्या की आकडा येतो, हे मला दिसतंय. पण खुणा तुम्ही आता घातल्यात. मागच्या वर्षी त्या होत्या, याला काही आधार आहे? जुना कागद, काहीही."

जुना कागद होता. नाना तपासलेली सगळी पानं सुतळीने बांधून कपाटाच्या खालच्या खणात ठेवत. तो गठ्ठा मागायचा म्हणजे कशाला हवाय ते सांगावं लागणार. न सांगता काढायचा तर खण त्यांच्या पलंगाच्या उशाशी, आणि गाठ त्यांची, जशीच्या तशी बांधणं दुसऱ्याला जमायचं नाही.

"बघते मॅडम," ती म्हणाली.

तिला नानांचा राग आला नव्हता. आला होता तो स्वतःचाच. माणूस विचारायला दारात आला होता, एकदा मान वर केली असती तर काय बिघडलं असतं? आणि आता त्यांना जाऊन सांगायचं की तुमच्या त्या कोऱ्या करकरीत आयुष्यातली पहिली चूक माझ्या प्रबंधात झाली? त्या लाल पेनासाठी ते सकाळी दाढी करत होते. दुसऱ्या कशासाठी ते उठत होते, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

शेवटचं वाचन तेवढं बाकी होतं. तिने सगळी पानं नानांच्या टेबलावर ठेवली, फक्त परिशिष्टातलं ते एक पान काढून घेतलं. जेवणाआधीच नानांची हाक आली.

"एक पान कमी आहे."

"असेल नाना, छापताना राहिलं असेल."

"मग छाप. पान सोडून मी वाचत नाही."

ती कॉम्प्युटरपाशी बसली. चांदण्या असलेलं पान नुसतं दिलं तर पुन्हा त्यांची आंघोळ होणार. तिने थोडा वेळ विचार केला आणि पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, दोन टिपा टंकल्या. चांदणी म्हणजे शब्दाची पुढची सगळी रूपं. प्रश्नचिन्ह म्हणजे तिथे कुठलंही एक अक्षर. मग पान छापलं आणि नेऊन दिलं.

नानांनी पट्टी ठेवली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. पट्टी तळाशी टिपांवर आली आणि तिथेच थांबली. ती दारात उभी होती. भिंग टिपांवरून वर ओळीकडे गेलं, परत खाली आलं.

"म्हणजे हे तारे टिपेचे नव्हते," नाना म्हणाले.

"नाही."

"मशीनसाठी होते."

"हो."

"मागच्या वेळीही होते."

तिने नुसती मान हलवली. नानांना ती दिसली की नाही कोण जाणे, त्यांनी वर पाहिलंच नव्हतं.

"सही झाली?"

"होईल. मॅडम करतील." खोटं बोलायला ती कधीच शिकली नव्हती, आणि आवाजावरून ते कळत होतं. "नाना, चूक माझी आहे. तुम्ही विचारायला आला होतात."

"टीप नव्हती खाली," नाना म्हणाले. जरा वेळाने पुन्हा तेच म्हणाले, पण हळू. मग त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. "जेवायला मला हाक मारू नका. भूक नाही."

जेवताना नवऱ्याने एकदा तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून मिटलं. आतून रेडिओचा आवाज येत नव्हता. खण ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. उठून आत जावं असं तिच्या मनात सारखं येत होतं. पण आत जाऊन बोलायचं काय, हे सुचेना आणि ती पानातलं चिवडत बसली.

सकाळी ती निघायच्या तयारीत आली तेव्हा तिच्या पिशवीजवळ, टेबलावर, एक जुनं पान पसरून ठेवलेलं होतं. गेल्या वर्षीचं. छापील चांदण्या होत्या, आणि प्रत्येकीवर नानांची लाल आडवी रेघ, पुढे खोडल्याची वेलांटी. अर्ध्या शब्दांना जोडलेली शेपटं. प्रश्नचिन्हावर तर चांगलीच जोराची रेघ. हे सगळं जुनं होतं, त्याचा लाल रंग आता विटकरी झाला होता.

आणि त्या प्रत्येक रेघेखाली ताजी, लालभडक टिंबं होती. एकही चांदणी सुटलेली नव्हती. टिंबं सारख्या अंतरावर होती, पट्टी धरून दिल्यासारखी. फक्त पहिल्या शब्दाखालची थोडी हलली होती. काठावर नानांनी बारीक अक्षरात सही केली होती आणि आजची तारीख घातली होती.

नाना खिडकीशी होते. त्यांनी दाढी केली नव्हती. ती पान उचलायला लागली तसे ते मागे न बघता म्हणाले,

"मॅडमना दाखव. आणि लगेच घडी घालू नकोस, शेवटची टिंबं अजून ओली असतील."